कडीपाशी बसलेला खटका

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढा जुना खटका आहे मी. वय विचारू नका, स्प्रिंग दुखते. सध्या माझा मुक्काम एका घरी बांधलेल्या विमानात आहे.

माझी पहिली नोकरी फ्रिजच्या दारात. दार लागले की मी दाबला जायचो, दिवा विझायचा; उघडले की सुटायचो, दिवा लागायचा. त्या घरची माणसे इतकी खादाड, की दाराच्या उघडझापीने सुटलेल्या वाऱ्यावर शेजारचे कपडे वाळायचे. खोटे वाटत असेल तर शेजाऱ्यांना विचारा! शेवटी फ्रिजनेच मान टाकली. दुरुस्तीला आलेल्या बाईने मला उपसून खिशात टाकले. "यात अजून जीव आहे," म्हणाली. जीव होता हो, हौस नव्हती.

तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणे, म्हणून आपणही ताईच म्हणू. भाऊ सुतार. लोकांची कपाटे करता करता त्याने गॅरेजमध्ये दोन माणसांचे विमान बांधले होते. डोक्यावर पारदर्शक झाकण, त्याला आतून फिरवायची कडी. कडी लावायची राहिली तर वर गेल्यावर वारा झाकण उखडून नेणार. म्हणून ताईने मला तिथे बसवायचे ठरवले. कडी सुटी असली की लाल दिवा लागेल, भोंगा वाजेल.

"चौकटीवरच बसव की, पटकन होईल," भाऊ म्हणाला.

"अरे शहाण्या, झाकण टेकलं म्हणजे कडी लागली का?"

"तू नेहमी अवघडच काढतेस."

"तुझ्या कपाटांची दारं आपोआप का उघडतात, ते आत्ता कळलं मला."

कडीचा दांडा जिथे आत शिरतो, तिथे तिने मला बसवले. मला धरून ठेवायची एक पट्टी वाकडी कापली गेली, दुसरी कापली. दांडा पुरता आत आला तरच मी दाबला जाई.

भाऊ एकटा उडू लागला. पाहुण्यांपुढे माझे कौतुक होई, "बघा, कडी विसरलात तर हा बोलतो!" पण ऊन तापले, आणि धावपट्टीच्या टोकाला पोहोचेपर्यंत काचेखाली माणूस उकडून निघू लागला. मग तो झाकण वीतभर उघडे ठेवून विमान चालवी, आणि मी वाटभर ओरडे. ओरडून मीही थकलो होतो, पण सांगतो कुणाला? एका दुपारी तो वैतागला, "किती कावकाव करतोस रे!" आणि त्याने पुठ्ठ्याची घडी माझ्यावर कोंबली. छाती दबली, भोंगा बंद. परत आल्यावर काढणार होता. राहून गेले.

मग ताईला पहिल्यांदा वर न्यायचा दिवस आला. वाटभर भाऊ बोलत होता. धावपट्टीच्या टोकाशी त्याने झाकण ओढून टेकवले आणि इंजिनाचा वेग वाढवायच्या दांड्याला हात घातला. कडी फिरवलीच नव्हती! मला समोर दिसत होते. सारा जोर लावून मी पुठ्ठ्याला रेटले. पुठ्ठा हलेना.

"थांब रे," ताई म्हणाली. "इथवर आपण झाकण उघडं ठेवून आलो ना?"

"हो. वाऱ्यासाठी."

"मग लाल दिवा का नाही लागला?"

भावाचा हात तसाच राहिला. त्याने वर कडीकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. ताईने चाचपून पुठ्ठा ओढून काढला. मी असा काही बोंबललो, की दोघेही दचकले.

"हे काय आहे?"

"सारखा ओरडत होता गं."

"आई ओरडायची, तेव्हा तिच्या तोंडात कोंबलास का पुठ्ठा?"

"तेवढी छाती नव्हती माझी."

त्या दिवशी कुणी उडाले नाही. "आधी उकडतं त्याचं बघ," ताई म्हणाली. भावाने बाजूला भोक पाडून वारा आत घेणारी छोटी झडप बसवली. आता विमान निघतानाच झाकण लागते, कडीही लागते. परवा दोघे वर जाऊन आले. ताईने सगळा वेळ डोळे मिटले होते आणि खाली उतरल्यावर म्हणाली, "काय सुंदर दिसत होतं!"

मित्रांनो, कुणी सारखे ओरडत असेल तर त्याचे तोंड दाबण्याआधी, त्याला काय दिसते आहे तेवढे बघा. थकलेल्या माणसाचे आणि थकलेल्या खटक्याचे मागणे फार नसते. पुठ्ठ्याखालीही मी गप्पच होतो, पण ती घुसमट होती. कडीचा दांडा नीट आत येऊन टेकला, की मग मात्र ढगांच्या वरसुद्धा माझा डोळा लागतो.