खिशात राहिलेला कागद

मी एक जुना पांढरा सदरा आहे आणि मित्रांनो, मला राग आला आहे. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आपले चांगले दिवस आठवून उसासे टाकतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझेही चांगले दिवस होते, ते मी सांगीनच. पण माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नायगावच्या बाजारातल्या शिंप्यानं मला शिवलं. कापड सुती, छातीवर एक खिसा आणि गळ्यापासून खालपर्यंत बटणं. डोक्यातून घालायचा सदरा माझ्या मालकाला, हणमंतरावांना, चालत नसे. त्यानं टोपी हलते म्हणे! हणमंतराव म्हणजे चार एकर रान कसणारा साधा माणूस, पण गावात त्यांना मान होता तो त्यांच्या आवाजामुळे. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायची ती त्यांनीच, आणि त्यासाठीच मी जन्माला आलो होतो. त्यांची बायको अयोध्याबाई मला नीळ घालायची, खळ करायची, कडक इस्त्री करून द्यायची. हणमंतराव वाचायला बसले की पार मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न् शब्द ऐकू जाई. कितीही अवघड शब्द येवो, ते कधी अडखळले नाहीत. "काय वाचतंय माणूस!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. तो आवाज माझ्याच छातीतून निघतो, असं मला वाटायचं. मूर्ख होतो.

मग कॉलर विरली, कोपर फाटलं आणि नवा सदरा आला. मी ट्रॅक्टर पुसायला गेलो आणि शेवटी गोठ्यातल्या उंच खुंटीवर जाऊन पडलो. दोन वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कपड्याच्या नशिबी ते असतंच.

अयोध्याबाईच्या छातीत गाठ आहे, हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण ती रडायला गोठ्यातच यायची. म्हशीचं दूध काढता काढता तिचा हात काखेकडे जायचा, चाचपायचा आणि परत यायचा. चार महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. असल्या जागेचं दुखणं सांगायचं कसं, या विचारातच चार महिने गेले. मग नांदेडला ऑपरेशन झालं, केमो झाली, डोक्यावरचे केस गेले. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, आता किरणांचा उपचार, आठवड्याचे पाच दिवस, एकूण पंचवीस वेळा. गावात त्याला 'शेक' म्हणतात.

पण त्याआधी एक अडचण होती. यंत्राखाली झोपताना हात डोक्याच्या वर न्यावा लागतो आणि ऑपरेशननंतर तिचा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा, असा व्यायाम तिला सांगितला होता. तो ती गोठ्यात करायची. बोटं जिथवर पोचतील तिथं गेरूनं रेघ ओढायची. ओठ चावायची, घामेजून जायची, पण दुसऱ्या दिवशीची रेघ वर गेलेली असायची. एके सकाळी तिची बोटं थेट माझ्या खुंटीला लागली आणि तिनं मला खाली ओढलं. मित्रांनो, देवळातल्या सगळ्या वाहवांपेक्षा मला ती सकाळ मोठी वाटते.

तिला माझी गरज होती. घट्ट ब्लाऊज चालणार नव्हतं. जुनं, मऊ, सैल आणि समोरून उघडणारं सुती कापड हवं होतं. तिनं मला दोनदा धुतलं आणि अंगात घातलं.

"माझा सदरा घालून एसटीत बसणार?" हणमंतराव म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"पदर घेते की वरून," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या राजकन्या सिस्टरनी तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा काढल्या. किरण नेमके कुठं पडायचे ते या रेघांवरून ठरतं. मग त्या तिला घेऊन बाहेर आल्या. हणमंतराव भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे होते. सिस्टरनी एक कागद त्यांच्या हातात दिला.

"मामा, मावशींना वाचता येत न्हाई. ह्यो कागद घरी सगळ्यांना वाचून दाखवा. सासूबाईंना पण. लई महत्त्वाचा हाय."

"हाव, हाव, दाखवतो की."

हणमंतरावांनी पहिली ओळ पाहिली. त्यात 'स्तन' हा शब्द होता. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि "तुझ्यापाशीच राहू दे" म्हणत तो माझ्या खिशात कोंबला.

त्या दिवसापासून तो कागद माझ्या छातीवर होता. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. रेघा पुसू नका. त्या जागी साबण, तेल, हळद, उटणं काही लावू नका, घासू नका. कातडी काळवंडेल, हुळहुळेल, तर घरगुती लेप न लावता आम्हाला दाखवा. भरपूर पाणी प्या, नीट जेवा, थकवा आला तर झोपा. एकही दिवस चुकवू नका. आणि हे किरण अंगात राहत नाहीत, दुसऱ्याला लागत नाहीत, तेव्हा रुग्णाला घरात वेगळं ठेवू नका.

वेगळं ठेवू नका! आणि घरात काय झालं? हणमंतरावांची आई, पंचफुलाबाई, हिनं कुठंतरी ऐकलं होतं की नांदेडला सुनेच्या अंगात करंट सोडतात. तिनं सुनेचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, अंथरूण ओसरीच्या टोकाला नेलं. अयोध्याबाई म्हणाली, "आत्याबाई, तसं काई नसतंय, सिस्टर म्हनल्या."

"तुला काय कळतंय?" म्हातारी म्हणाली. "त्याला इचारते मी. का रे, खरं हाय का?"

सगळ्या गावाला पोथी ऐकवणारा तो माणूस तंबाखू मळत बाहेर निघून गेला.

माझा राग म्हातारीवर नाही. ती घाबरलेली होती आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझा राग त्या आवाजावर आहे.

अयोध्याबाई मात्र रोज पहाटेच्या गाडीनं नांदेडला जायची. यंत्राच्या खोलीत ती एकटी असायची. दुखायचं काहीच नाही, पण हलायचं नाही. हात डोक्यावर धरून ती छताकडे बघत राहायची. संध्याकाळी घरी येऊन मला धुवायची. धुण्याआधी कागद काढून फणीखाली ठेवायची आणि सकाळी पुन्हा खिशात घालायची. आज तरी वाचतील, असं तिला रोज वाटत असावं. सोळा वेळा किरण देऊन झाले. कातडी काळी पडली, काखेत जळजळायला लागलं. तरी तिनं एक खाडा केला नाही.

मग दिवाळी आली. दवाखान्याला दोन दिवस सुट्टी होती. पहिल्या आंघोळीला पंचफुलाबाई उटण्याची वाटी आणि कोमट तेल घेऊन न्हाणीत शिरली. तिचे डोळे भरले होते. "मला करंट लागला तर लागू दे," ती म्हणाली. "सणाच्या दिशी सुनेला कोरडी ठेवत न्हाई मी." आणि तिनं अंग चोळायला सुरुवात केली. हळद, डाळीचं पीठ, संत्र्याची वाळलेली साल, सगळं खरखरीत. छातीपाशी हात आला तशी अयोध्याबाई म्हणाली, "तिथं नगं, आत्याबाई."

"गप बस. दिवाळीच्या दिशी आंगावर असल्या रेघा ठेवू न्हाई."

आणि अयोध्याबाई गप्प बसली. मित्रांनो, सिस्टरनी तिला तोंडी सांगितलं होतं, तिला सगळं माहीत होतं. पण इतक्या दिवसांत घरातल्या कुणाचा हात तिच्या अंगाला लागला नव्हता. तो हात ढकलून देणं तिच्या जिवावर आलं. मी न्हाणीच्या दारावर टांगलेला होतो, कागद माझ्याच खिशात होता आणि मला तोंड नव्हतं.

दवाखाना उघडला त्या दिवशी राजकन्या सिस्टरनी माझी बटणं काढली. मी कातडीला चिकटलो होतो. रेघा गेल्या होत्या. काखेखालचं कातडं सोलून निघालं होतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि उपचार थांबवला. जखम सुकल्याशिवाय पुढं जाता येणार नव्हतं आणि मधे खंड पडणं तर या आजारात अजिबात चांगलं नव्हतं.

सिस्टर तिला घेऊन बाहेर आल्या. त्या दिवशी हणमंतराव बरोबर आले होते. "मामा, कागद कोणाला वाचून दाखवला?"

"राहून गेलं," हणमंतराव म्हणाले.

सिस्टरनी माझ्या खिशातून कागद काढला. "घडीसुद्धा मोडली न्हाई, मामा. ही बाई एक दिवस चुकवून न्हाई राहिली, अन् तुमच्यानं एक पान वाचणं झालं न्हाई?"

घरी आल्यावर अयोध्याबाईनं पोथीचा चौरंग आणून ओसरीत ठेवला आणि त्यावर तो कागद उलगडला.

"वाचा," ती म्हणाली. "पोथी वाचता तसं."

"माय समोर हाय."

"म्हणूनच."

ते वाचायला लागले. दुसऱ्याच शब्दाला अडखळले, पुटपुटले.

"काय म्हनलात? ऐकू न्हाई आलं," अयोध्याबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. मग सगळा कागद वाचला. ओळखीचा आवाज ऐकून शेजारच्या बायाही दाराशी येऊन उभ्या राहिल्या. उटण्याची ओळ आली तशी पंचफुलाबाईनं कपाळावर हात मारला. वेगळं ठेवू नका ही ओळ आली तशी ती उठली, सुनेचं ताट आणलं आणि आपल्या ताटाशेजारी मांडलं. मग लेकाकडे वळली.

"एवढी वर्षं देवाचं वाचून राहिलास. हे वाचायला तुझं तोंड झिजत होतं का रे?"

उपचार सहा दिवस थांबला. मग पुन्हा रेघा काढल्या, राहिलेले नऊ दिवस पुरे झाले. रोज हणमंतराव बरोबर गेले, यंत्राच्या खोलीच्या दारापर्यंत. आता अयोध्याबाई बरी दिसते. पण त्या सहा दिवसांनी आत काय केलं असेल, असं तिनं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तपासण्या करत राहू, आत्ताच काही सांगता येणार नाही. माझा राग उतरत नाही तो यासाठी.

माझ्यावर जांभळे डाग आहेत, ते निघत नाहीत. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मी फाटलो तर पोतेरं करा. पण तुमच्या घरात एखाद्या बाईचा हात कामात सारखा काखेकडे जात असेल तर तिला आजच विचारा. आणि दवाखान्यातून कागद मिळाला असेल तर तो खिशात ठेवू नका. वाचा, पहिल्याच दिवशी वाचा, सगळ्यांसमोर, आणि लाजिरवाणा वाटणारा शब्द सगळ्यात मोठ्यानं वाचा.