लिफ्टच्या छतावर

लढाईहून परतल्यावर तिने लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं, लग्न केलं, लेक झाली. राखीव दलातलं नाव मात्र कायम राहिलं. बोलावणं आलं की गणवेश चढवायचा, परत आलं की पाना हातात घ्यायचा. घर, कंपनी आणि पलटण सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला यायचा, पण तोंडातून चकार शब्द नाही. "आमची सून म्हणजे दगड आहे, दगड!" सासूबाई सगळ्यांना सांगायच्या. कौतुकाने, आणि थोड्या धाकानेही.

त्या दुपारी ती सुट्टीवर होती. सासूबाई आणि पाच वर्षांची ठकी खाली निघाल्या आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जराशी वर अडकली. दिवा गेला. ठकीची किंकाळी ऐकून ती जिन्याने धावली. दार वाकून असं घट्ट बसलं होतं की फटही पडेना.

"आई, घाबरू नका, मी आहे."

"अगं, दम लागलाय..." आतून सासूबाईंचा आवाज आला. "दम्याचा पंप टेबलावरच राहिला."

तिने कामावरच्या जोडीदाराला पहार घेऊन बोलावलं, लिफ्टची वीज तोडली, पंप आणि विजेरी घेतली. आता एकच वाट होती. चौथ्या मजल्याचं दार किल्लीने उघडायचं, लिफ्टच्या छतावर उतरायचं आणि झडपेतून पंप द्यायचा. रोजचंच काम. पण आज आतला अंधार पाहिला आणि ती दाराशीच थबकली. ओलं सिमेंट, तेल, कोंडलेली हवा. खंदक कोसळला तेव्हा नाकात हाच वास भरला होता. तिच्यासकट तिघं गाडले गेले. बाहेर ती एकटीच आली.

खालून सासूबाईंच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. ती डोळे मिटून उतरली.

झडप उघडून तिने पंप खाली धरला. सासूबाईंनी तो ओढूनच घेतला. एक फवारा, मग दुसरा. तिला तडक वर पळायचं होतं, पण ठकीने आजीच्या कडेवरून तिची बोटं घट्ट धरली.

"आई, तुझा हात किती हलतोय!"

"भीती वाटतेय गं."

"तुला?"

तिला हसायचं होतं, हुंदकाच फुटला. मग जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते ती त्या झडपेत तोंड घालून बोलत सुटली. खंदक, माती, ते दोघे, हळूहळू बंद पडत गेलेलं त्यांचं बोलणं.

"आणि सकाळी पलटणीचा फोन होता, आई. पुढच्या आठवड्यात सीमेवर बोलावलंय."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"का गं बाई?"

"नाही म्हणायचीही भीतीच वाटली."

सासूबाईंनी झडपेकडे मान वर केली. मग हळूच म्हणाल्या, "मीही तुला दगड दगड म्हणत राहिले. ठके, आईचा हात सोडू नकोस हं."

जोडीदार आला, पहारीने दार उचकटलं, दोघी बाहेर आल्या. सासूबाई पायरीवरच बसल्या आणि तिला ओढून जवळ बसवलं.

संध्याकाळी नवऱ्यासमोर तिने अधिकाऱ्याला फोन लावला. "साहेब, मला नाही जमणार. बंद जागेत माझा श्वास अडकतो." अधिकारी आधी चिडला, मग नरमला, वर विचारून सांगतो म्हणाला. पुढचे दोन दिवस फोन वाजला की घरात सगळे जागच्या जागी थिजायचे.

सोमवारी उत्तर आलं. या वेळी तिला वगळलं होतं, पुढचं पुढे.

सासूबाईंनी देवाला हात जोडले, नवऱ्याने ठकीला उचलून गिरकी घेतली. ती फोन हातात धरून उभीच राहिली. आपल्या जागी कोण जाणार, हे विचारायचा तिला धीर झाला नव्हता.