चौथा गुरुवार

"चला, आज मी पण येते," असं म्हणत बायकोने चप्पल पायात सरकवली आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"तू कशाला? तिथे फक्त पिणारे... म्हणजे, सोडणारे असतात."

"आत नाही येत. दारापर्यंत सोडते."

आता नाही कसं म्हणायचं? बसस्टँडच्या चौकशी खिडकीत सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस. साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला 'चौकशी' म्हणूनच हाक मारायचे. कुठली गाडी, कुठला फलाट, कुठे उतरायचं, झोपेतून उठवून विचारलं तरी अचूक सांगणार. पण दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आपल्याच गावात नेमकी कुठे भरते, हे त्याला ठाऊक नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

डॉक्टरांनी पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती खिशात कोणाला सापडली तर अब्रू जाईल म्हणून त्याने दवाखान्याच्या पायरीवरच तिचे तुकडे केले. घड्याळवाल्याच्या गल्लीत, एवढंच डोक्यात राहिलं. पहिल्या गुरुवारी तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि मागे फिरला. पुढच्या दोन गुरुवारी तेवढंही झालं नाही. पाय नेहमीच्या बारच्या दारात गेले आणि वेलची चघळत घरी येऊन त्याने ठोकून दिलं, "जाऊन आलो." तिथे काय करतात, असं बायकोने विचारल्यावर त्याने एक रिटायर्ड मास्तरही जन्माला घातला. मास्तर बोलता बोलता रडतात. पुढच्या आठवड्यात मास्तरांना नातू झाला. खोटं बोलायला लागलं की माणसाला भारी सुचतं.

पण आज सुचत नव्हतं. मुलीने आईला बजावून ठेवलं होतं, आता एक थाप जरी पकडलीस तर सरळ माझ्याकडे निघून ये. बॅग भरून कपाटावर ठेवलेली होती. रोज झोपताना ती त्याला दिसायची.

"मास्तरांना बरं आहे ना आता?" रस्त्यात बायकोने विचारलं.

"आहे. म्हणजे, खोकला आहे थोडा."

सकाळपासून थेंब घेतला नव्हता. हात त्याने खिशात कोंबले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. समोरून येणारा प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. सात वाजायला दहा मिनिटं होती आणि गल्ली आली. गल्लीत एका रांगेत पाच जिने. पाचही सारखेच अंधारे, एकावरही पाटी नाही.

"कुठला?" बायकोने विचारलं.

तो दुसऱ्या जिन्याकडे वळला, थांबला, तिसऱ्याकडे बघून आला. शेवटी घड्याळवाल्याच्या दुकानासमोर उभा राहिला. म्हातारा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता.

"इथे... क्लास कुठे भरतो हो?"

"कसला क्लास? टायपिंगचा होता, तो बंद पडून जमाना झाला."

अशी माणसं त्याच्या खिडकीवर रोज यायची. मनात एक, विचारायचं भलतंच. तो त्यांच्यावर खेकसायचा, नीट विचारा, मागे रांग आहे. आता मागे रांग नव्हती, बायको होती. विचारलं की पितळ उघडं पडणार, आणि नाही विचारलं तर सात वाजून जाणार. ती बॅग डोळ्यांपुढून हलेना.

"दारू सोडायची मीटिंग," तो म्हणाला. आवाज खिडकीतल्यासारखा मोठा निघाला. "मला जायचंय. कुठे भरते ते माहीत नाही. मी कधी गेलेलोच नाही."

मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

घड्याळवाल्याने भिंग काढलं. "शेजारचा जिना. दुसरा मजला, डावीकडची खोली." मग वाकून त्याने टेबलाखालून एक स्टूल ओढलं आणि बाहेर ठेवलं. "बसा ताई. तुमचं स्टूल पुसून ठेवलंय."

"तुमचं?" त्याने बायकोकडे बघितलं.

ती स्टूलवर बसली. पर्स मांडीवर घेतली. "डॉक्टरांना पत्ता मी पण विचारून घेतला होता. तीन गुरुवार इथेच बसले. साडेआठपर्यंत."

मांजर डोळे मिटून दूध पितं, पण त्याचं दूध पिणं सगळ्या घराला दिसत असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आणखी एक मास्तर काढला असता."

तिला हसू आलं नव्हतं. त्यालाही आलं नाही.

"आणि... ती बॅग?"

"भरलेली आहे," ती म्हणाली. "सात वाजत आले. वर जा आधी."

कठड्याला धरून तो जिना चढला. पहिल्या मजल्यावर धाप लागली म्हणून थांबला, आणि पाय खाली वळायच्या आत पुन्हा चढू लागला. डावीकडच्या खोलीत दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. एक माणूस उठून दारापाशी आला.

"पहिल्यांदाच?"

"हो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथून गल्ली दिसली असती, ती स्टूलवर आहे की गेली ते कळलं असतं. तो जाऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसला.