मधला खांब

माझे दोघे भाऊ, नवल आणि भटू, गावात शहाणे समजले जातात. गाव अमळनेरच्या पुढे आहे आणि लहान आहे, म्हणून हे खपून जातं. नवल एकदा सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध चेअरमन म्हणून निवडून आला, कारण त्या वर्षी ती कटकट दुसऱ्या कुणालाच नको होती. तेव्हापासून तो साधं पाणी मागतानाही घसा साफ करून मागतो. धाकटा भटू मोटारपंप दुरुस्त करतो आणि जे पंप त्याच्या हातून चालू होत नाहीत त्यांचा दोष कंपनीला देतो. मी दोघांहून मोठी. लग्न होऊन पिंप्राळ्यात आले ती आलेच. तिथे मी कुणाची बायको, कुणाची सासू आहे. नुसती अक्का म्हणून मला हाक मारणारं घर जगात एकच आहे, आणि ते या दोन शहाण्यांच्या ताब्यात आहे.

घर धाब्याचं. सागाचे खांब, खांबांवरून आडव्या गेलेल्या तुळया, त्यांवर कड्या आणि फळ्या, आणि सगळ्यांवर मातीचं सपाट छप्पर. किती जुनं ते कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे नवल दरवर्षी त्याचं वय थोडं वाढवून सांगतो. बाप गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडे घर खणांनी वाटतात, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेने. खण दोघांना सारखे आले. भांडायला काही उरलं नाही असं वाटत होतं, तेवढ्यात दोघांच्या लक्षात आलं की मधोमध एक खांब उरलाय.

त्या एका खांबासाठी दोघांनी पंधरवडाभर गाव डोक्यावर घेतलं. नवल म्हणे थोरल्याचा. भटू म्हणे बाप मला बोलला होता. शेवटी भावकीतले कौतिक आबा वैतागून म्हणाले की अर्धा अर्धा घ्या आणि मला जेवायला जाऊ द्या. आबा चिडून बोलले होते, पण या दोघांनी ते खरंच केलं. खांबाला दोन्ही अंगांनी चिकटवून विटांची भिंत घातली. अर्धा खांब इकडे दिसायचा, अर्धा तिकडे. नवलने आपला अर्धा हिरव्या ऑइलपेंटने रंगवला. भटूने आपला चॉकलेटी केला. मी मात्र काही न घेता सही करून दिली होती. बहिणीने सही दिली की माहेर शाबूत राहतं, असं आमच्याकडे मानतात, आणि मीही ते मानलं.

मी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाते. लेकींनी माहेरी यायचं, झोके घ्यायचे, रस-पोळी खायची, असा तो सण. वाटणीनंतर माझ्या आखाजीचीही वाटणी झाली. दुपारचं जेवण नवलकडे, रात्रीचं भटूकडे, आणि मधे भिंत असल्यामुळे हातात पिशवी घेऊन सगळ्या गल्लीतून वळसा. शेजारच्या बाया ओट्यावरून विचारायच्या, आता कुठल्या घरी चालल्या? मी हसायची. त्या हसण्याने माझा जबडा दुखायचा.

यंदा नवलच्या बायकोने, दिपमालाने, झोका घरातच तुळईला बांधला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी बसले, दिपमालाने हलकासा धक्का दिला, आणि वरून कुरकुर आवाज येऊन मातीचा एक लोंढा खाली आला. थेट रसाच्या पातेल्यात. मी पाय टेकून झोका थांबवला. वर पाहिलं तर तुळई खांबापाशी चांगलीच खचली होती. भिंतीपलीकडून भटूच्या बायकोची, पुनमची, हाक आली की त्यांच्याकडेही माती पडली, काय झालं?

भटू वळसा घालून आला, दारातच उभा राहिला, आत पाय टाकला नाही. "अक्का, तुना वजनमुये हाई व्हयनं," तो म्हणाला. नवलने मान डोलावली. भावाशी एकमत होण्यासाठी त्याला माझं वजन सापडलं.

मी हिरव्या रंगावर नख मारलं. रंगाचा पापुद्रा सुटला आणि बोट आत गेलं, ओल्या भुशात जावं तसं. खांब नव्हताच. नुसता रंग उभा होता.

कारण शोधायला मी शिडी लावून धाब्यावर गेले. या वयात गेले, कारण दोघे चेअरमन आणि मेकॅनिक खाली उभे राहून एकमेकांकडे न बघता वाद घालत होते. वर जाऊन पाहते तर काय. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकतात, ती घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पाणी एका अंगाला वाहून जावं म्हणून थोडा उतार ठेवतात. नवलने आपल्या अर्ध्यावर दरवर्षी जास्त माती टाकली होती, म्हणजे त्याचं पाणी भटूच्या बाजूला जावं. भटूला ते कळलं तसं त्यानेही आपल्या अर्ध्यावर माती चढवली, म्हणजे पाणी नवलकडे परत जावं. वर्षानुवर्षं दोघे असे एकमेकांवर पाणी ढकलत राहिले. त्यामुळे दोन्हीकडे उंचवटे आणि मधोमध चर तयार झाला होता. चर थेट मधल्या खांबाच्या डोक्यावर. सगळ्या घराचं पावसाचं पाणी माझे भाऊ त्या एका खांबाला पाजत होते, आणि वरून दुप्पट मातीचा भार देत होते. शत्रूनेही इतकं मन लावून केलं नसतं.

खाली येऊन मी हे सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि दोघांनाही त्यात दुसऱ्याचीच चूक दिसली.

मिस्त्री बोलवा म्हटलं, तर बोलवणार कोण? ज्याचा खांब त्याने बोलवायचा. आणि आता तो खांब कुणाचाच नव्हता. ज्याच्यासाठी गाव डोक्यावर घेतलं होतं तो दोघांनाही नकोसा झाला. "मना अर्धा धड शे," नवल म्हणाला, "कुजेल अर्धा भटूना शे." माझं बोट त्याच्याच अर्ध्यात गेलं होतं, पण पुराव्याचं त्याला वावडं आहे. भटूने तर सांगून टाकलं की तो सरळ मळ्यात स्लॅबचं घर बांधेल, हे पडायचं तर पडू दे. नवल म्हणाला, मग मीही बसस्टँडकडे प्लॉट घेतो.

तेव्हा मला खरी भीती वाटली. घर पडेल याची नाही, घर उरणारच नाही याची. एक मळ्यात, एक बसस्टँडला, आणि आखाजीला मी दोन स्लॅबांमध्ये पाहुणी. निदान आता या भिंतीच्या दोन्ही बाजूंना माझंच घर होतं. मला रडू आलं, आणि त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. "हाऊ खांब कोनाच नही ना? मंग मना शे. मी बसाडस नवा."

"तुनाच शे, अक्का," नवल लगेच म्हणाला. "तुनाच," भटू म्हणाला. इतक्या वर्षांत इतक्या चटकन त्यांनी मला काही दिलं नव्हतं.

मी पारोळ्याहून गनी मिस्त्रीला बोलावलं. हा गनी म्हणजे स्वतःचं कौतुक करणारा माणूस. आल्या आल्या त्याने मला ऐकवलं की तालुक्यात धाब्याचं काम जाणणारा आता तोच एक उरलाय. मग दोन्ही घरचा चहा वेगवेगळा प्यायला, दोन्हीकडे साखर कमी आहे म्हणाला, आणि मगच कामाला लागला. पण लागला. तुळईखाली दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, तर दोन्ही घरांत एकाच वेळी माणसं हवीत आणि खांबाजवळची भिंत पाडायला हवी. ते ऐकून दोघा भावांचे चेहरे आंबट झाले. पण खांब माझा होता. मी म्हटलं, पाडा.

भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. धाब्यावरची जास्तीची माती मजुरांनी खाली उतरवली. तुळई जॅकने हळूहळू उचलून टेकूंवर घेतली. मग जुना खांब निघाला. निघाला म्हणजे हातात तुकडे आले. अर्धा हिरवा, अर्धा चॉकलेटी भुसा, आणि त्यात वाळवीचं घर. तुळईचंही टोक कुजलं होतं. गनीने ते धड लाकडापर्यंत कापून तिथे सागाचा जोड खाचेत बसवला आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळला. खांबासाठी त्याने पारोळ्यात पाडलेल्या एका जुन्या घराचा साग आणला. तो घासून, बेतून, दगडी तळखड्यावर उभा करायला बरेच दिवस गेले, कारण अधूनमधून गनीला स्वतःबद्दल बोलावंही लागत होतं.

आणि त्या दिवसांत भिंतीत भगदाड होतं. आधी दिपमालाने त्यातून वरणाचं पातेलं पलीकडे दिलं, कारण धुळीने पुनमची चूल बंद होती. मग पुनम पीठ घेऊन इकडे आली. उन्हाळा होता, बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्याच होत्या, तर दोघींनी धाब्यावर एकाच खाटेवर घातल्या. रात्री कुणी कुठे जेवायचं हे कुणी विचारेना. मी पिशवी एका बाजूला टाकली होती, चपला दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही माझ्याच घरात होत्या. एकदा नवल भगदाडातून वाकून पलीकडे गेला आणि भटूच्या कूलरखाली घोरत पडला. मी लगेच लाडात येऊन विरघळणाऱ्यातली नाही. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. पुढच्या आखाजीला गल्लीतून वळसा नको, एवढंच मी मनात म्हटलं. या भगदाडाला चौकट बसवायची, दार करायचं. खांब माझा आहे, तर त्याच्या बाजूची भिंतही माझ्याच मर्जीची, असा मी सरळ हिशोब केला. गनीला चौकटीचं बोलूनही ठेवलं.

खांब पक्का झाला. टेकू निघाले. तुळईने आवाजही केला नाही. गनीने खांबावर हात मारून सांगितलं की आता हा तुमच्या नातवांना पुरेल, आणि आपली बिदागी घेऊन पारोळ्याला गेला. चौकट घेऊन दोन दिवसांनी परत येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाब्यावरून खाली आले तेव्हा माझे भाऊ कामाला लागले होते. दोघे मिळून. भटू पलीकडून विटा देत होता, नवल लावत होता. सिमेंट भटूने कालवलं होतं, ओळंबा नवलने धरला होता. एकमेकांना सांभाळून घेत होते, जरा डावीकडे, जरा वर, बस, असं गोड बोलत होते. इतक्या वर्षांत या दोघांना एकत्र काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. नवा खांब विटांत कमरेपर्यंत बुजला होता. मी तिथेच उभी राहिले.

नवलने मला पाहिलं आणि घसा साफ केला. "अक्का, तुना खांबले कोनी हात लावाव नही, मस्त मझार ऱ्हाई," तो म्हणाला. मझार, म्हणजे भिंतीच्या आत. मग भगदाडाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "तू कोनती बाजूले ऱ्हाशी? आते भित बंद व्हई जाई."

दिपमाला एका बाजूला मान खाली घालून उभी होती, पुनम दुसऱ्या बाजूला. माझी पिशवी इकडे होती. चपला तिकडे.

"मना वाटा मझार शे," मी म्हटलं. "मले बी मझार बुजी टाका."

दोघे भाऊ एकदम हसले. अक्का नेहमीसारखं टोचून बोलली असं त्यांना वाटलं. मग नवलने हात पुढे केला आणि भटूने त्याच्या हातात पुढची वीट दिली.