डोंग्याची जीभ

"ओढ वं मले! अवं, ओढ!"

तीस वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यावरून आलेली ती हाक तानाबाईच्या कानात अजून ओलीच होती. कोणाची, ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. संसार होता, गिळली.

पुसदच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठावर तिचा नवरा पुंडलिकराव मच्छीमारांसाठी लाकडी डोंगे बनवायचा. हाताला गुण होता, तोंडाला नव्हता. दुसऱ्याचं काम दिसलं की त्याचा ओठ एका बाजूला वळायचा, आणि गेलं वर्षभर तो वळत होता पोराकडे पाहून. अमर चार वर्षं गोव्याला शिडाच्या होड्यांवर कामाला होता. परत आला, बापाचे दोन जुने डोंगे शेजारी-शेजारी लावून वर आडवे बांबू आवळले, मधोमध डोलकाठी उभारली आणि शीड चढवलं.

"दोन डोंग्याईचं लगन लावलं पोट्ट्यानं," पुंडलिकराव काठावर बसून म्हणायचा. "आता वर धोतर वाळू घालून राह्यला. मी जवानीत एका डोंग्यावर लुगडं बांधून पल्याड जाऊन आलतो."

वारा पाठीशी असला की जोडनाव पळायची. पण वळताना तिचं नाक वाऱ्यासमोर आलं की थबकायची, रुसल्या सुनेसारखी मागं-मागं सरकायची. मग अमर वल्हं काढायचा आणि काठावरून शिट्ट्या यायच्या.

"तुयानं काई होत नाई," बाप म्हणाला. "येत्या रविवारी पल्याड जाऊन वापस ये. वल्ह्याले हात लागला का डोंगे माये. वासल्यानं बांबू तोडतो न जाळ्याच्या कामाले लावतो."

तानाबाई ताडपत्र्या शिवायची. शुक्रवारी अमर तिच्या मशीनजवळ येऊन बसला.

"आई, पुढं एक लहान शीड पाह्यजे. जिब म्हणतात त्याले. वळताना तेच नाक वाऱ्यातून ओढून काढते."

"जीभ?"

"हो, जिब." पोरगं घाईत होतं. उंची-रुंदी सांगितली आणि दोर आणायला पुसदला निघून गेलं.

जिभेला कुठं सरळ काठ असतो? तानाबाईनं खडूची रेघ मारली, टोकाला निमुळती, कडेला फुगीर, आणि कात्री चालवली. मशीन चालली तसं ओठांत गाणं आलं. चाल जुनी, शब्द तिचे:

सुई चाले सरसरा, दोरा मागं-मागं धावे
लेकाचं गं कापड, त्यानं वारं पोटी घ्यावे

अमर परतला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "आई, सरळ काठ पाह्यजे होता वं."

"तूच म्हणला ना जीभ?"

दारातून पुंडलिकराव हसला. सोबत मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी बाबाराव होता. बाबारावला हसायला कारण लागत नसे, पुंडलिकराव आधी हसलेला पुरे.

"मायलेकाची अक्कल पाह्य, बाबाराव! डोंग्याले जीभ! उद्या दात बसवतीन."

"घरात जीभ कमी पडली का, पुंडलिकराव?"

"बायकोची पडूनच होती ना बिनकामाची. तेच लावली."

तानाबाईनं दोरा दातानं तोडला.

दुसरं कापड नव्हतं. रविवारी सकाळी अमरनं तीच जीभ डोलकाठीच्या टोकापासून पुढच्या बांबूपर्यंत ताणलेल्या दोरीला बांधली. दोरी सरळ, काठ फुगीर. जास्तीचं कापड आत सरकलं आणि वारा येताच शिडानं पोट धरलं. भरल्या ओंजळीसारखं. अमर पाहतच राहिला. मग त्यानं नाव लोटली.

जाताना गेली. सगळ्यांचे डोळे वळणावर होते. पल्याड नाक वाऱ्यासमोर आलं, मोठं शीड फडफडलं, नाव थबकली.

"अडकला!" पुंडलिकरावनं लाकूड तासायचा वासला उचलला. "म्हणलं होतं मी. आता काढन वल्हं."

अमरनं वल्हं काढलं नाही. त्यानं पुढच्या शिडाचा दोर लगेच सोडला नाही, धरून ठेवला. वारा त्या जिभेत उलट्या बाजूनं भरला आणि त्यानं नाकाला हळूच ढकललं, पोरीचा चेहरा हनुवटीला धरून वळवावा तसं. मग अमरनं दोर सोडला, दुसऱ्या बाजूनं ओढला, आणि जोडनाव पाणी कापत घराकडे निघाली.

काठाला लागली तेव्हा बाबारावनं वाकून वल्ह्यावर हात फिरवला. "कोरडं हाये, पुंडलिकराव."

"त्यात याचं काय? वाऱ्यानं आणलं." ओठ वळलाच. वासला काही खाली आला नाही. "चिंधी लावून आला, त्यात कोणती मर्दुमकी? मी एका लुगड्यावर..."

"आलते नाई तुमी."

बाबाराव हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. तानाबाई पदर खोचून पाण्याच्या कडेला उभी होती.

"तू चूप वं."

"तीस साल होती चूप. लुगडं मायं होतं. डोंगा असाच नाक वाऱ्यासमोर करून बीच पाण्यात उभा राह्यला, न तुमी वल्हं घरी ठेवून गेलते. 'ओढ वं मले' म्हणून बोंबलून राह्यले होते. मी दुसरा डोंगा काढला, दोर फेकला, न ओढून आणलं तुमाले. तुमाले वळता आलं नाई. मायं पोरगं वळलं. ठेवा तो वासला खाली."