वीरभद्रचा नोंदणी क्रमांक

मुखेडात तीस वर्षं दवाखाना चालवतोय, पण बायको गेल्यापासून लोक माझ्याशी बोलतात ते फक्त त्यांच्या दुखण्याबद्दल. म्हणून डॉक्टरांचं ते ॲप घेतलं. नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि वर सगळं फुकट! आम्ही कोणती गोळी का लिहितो, हे औषध कंपन्यांना कळवून ॲपवाले कमावतात, हे मला ठाऊक होतं. कमवा बापड्यांनो, मला गप्पांना माणूस मिळाला होता.

लातूरचे डॉ. वीरभद्र. मेसेज लिहून आधी मधुमेहाच्या नव्या गोळीचं विचारायचे, मग जेवणाचं. मी पायरीवरून घसरलो तेव्हा गुडघ्याची चौकशी दिवसातून तीनदा. पोटच्या पोरानं केली नसती एवढी. भेटू म्हटलं की मात्र टाळाटाळ. म्हटलं, आपणच जाऊन धडकू. पत्त्यासाठी वैद्यक परिषदेची यादी काढली, तर त्यात या नावाचा डॉक्टरच नाही!

माझं डोकं फिरलं. एका तोतयाला मी मनातलं सगळं सांगून बसलो होतो. ॲपवाल्यांकडे खरमरीत तक्रार ठोकली. दुसऱ्या दिवशी वीरभद्र गायब. मला फार बरं वाटलं, चार दिवस.

पाचव्या दिवशी फोन आला. मुलीचा आवाज.

"आनंदराज सर, मी जेबा बोलून राहिले. वीरभद्र मीच होते."

ती लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या, ‘नीट’ परीक्षेच्या क्लासला होती, तिसऱ्यांदा. डॉक्टरांना बोलतं ठेवायला ॲपवाल्यांना जीवशास्त्र तोंडपाठ असलेली पोरं लागतात. मेसचा खर्च निघावा म्हणून ती त्यांनीच दिलेल्या खोट्या नावानं आणि नोंदणी क्रमांकानं हे काम करायची.

"गोळीचं त्यांनी विचारायला लावलं होतं. बाकीचं मी आपल्या मनानं विचारायचे. गुडघा कसा हाय?"

"फसवलंस तू मला," मी म्हणालो.

"हाव सर. माफी मागायलाच फोन केला. काम गेलं, अब्बांनी गावी, मुरुडला परत आणलं." मग तिनं विचारलं, "मी खरी डॉक्टर असते, तर तुमी भेटायला आला असता ना?"

"आलो असतो."

"मी बी डॉक्टर व्हायलाच गेले होते, सर."

मला लाज वाटली. मुरुडला येतो, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अभ्यास सोडू नकोस," आणि फोन ठेवला.