एका नावावर दोघी

गोठ्यापुढं दोघी बहिणींची चांगलीच जुंपली होती. थोरली नुकतीच शाळेतून आली होती. दप्तर अजून खांद्यावर, आणि हातात धाकटीची वेणी.

"काल बाईंना कबूल करून आलीस, उद्या सतराचा पाढा म्हणून दाखवते! मला सांगायचंस तरी! सगळ्या वर्गापुढं उभी राहिले मी ठोंब्यासारखी!"

"विसरले गं! सोड केस!"

आजी कांद्याच्या वाफ्यात खुरपत बसली होती. वारा असा सुटलेला, की तोंड उघडलं की दातांत माती. तरी तिनं तोंड उघडलंच. "सोडा एकमेकींना! ओसरीवर बाप झोपलाय, इथं तुमचा बाजार!"

या दोघी जुळ्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. त्यांची आई त्या रांगत्या असतानाच गेली. पुढं बाप, आजीचा मुलगा, विहिरीचं काम करताना दोर तुटून पडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. त्याला कुशीवर वळवायचं तर आजीच्या हातात जोर नाही, शेळ्यांमागं धावायचं तर पायात नाही. म्हणून आजीनं एकीचंच नाव शाळेत घातलं. दुसरी घरी. मग घरी राहणारीनं जेवण सोडलं, आणि ते पाहून शाळेत जाणारीनंही सोडलं. आजीनं कपाळावर हात मारला आणि निवाडा दिला, "आज ही, उद्या ती. नाव एकच, तोंडही एकच. कोणाच्या बापाला कळतंय!"

बापाला कळत होतं, पण तो खाटेवर पडून गालातल्या गालात हसायचा.

शाळेत मात्र बाईंची झोप उडाली होती. ही पोरगी आज डाव्या हातानं लिहिते, उद्या उजव्या. आज गणितं चटाचटा सोडवते, उद्या त्याच गणितांवर टिपं गाळते. बाईंनी अखेर शाळाखात्याला कळवलं, मुलीच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, मदत पाठवा.

खात्याची मदत म्हणजे स्कूटरवरून फिरणारी एक जाडजूड, हसऱ्या डोळ्यांची बाई. अडचणीतल्या घरांत जाऊन काय हवं-नको बघायचं, हे तिचं काम. गावानं तिचं नाव चौकशीबाई ठेवलं होतं. आणि न्हाव्यानं आजीला छातीठोकपणे सांगितलं होतं, की ही बाई पोरं उचलते आणि लांबच्या वसतिगृहात नेऊन टाकते.

बांधापलीकडं स्कूटर फुरफुरली तशी आजीनं खुरपं टाकलं. धाकटीला मानगुटीला धरून शेळ्यांत कोंबलं. "श्वाससुद्धा हळू घे!" थोरलीला ओसरीवर बसवलं आणि स्वतः दारात ठाण मांडलं.

चौकशीबाई आली, पाणी प्याली, बापाशी चार शब्द बोलली. त्याच्या पाठीखाली हात घालून जखम झाली आहे का तेही पाहिलं. आजीला ते आवडलं, पण तिनं तोंडावर दिसू दिलं नाही.

"आणि ही का ती हुशार मुलगी?" बाई थोरलीकडं वळली. "काल फळ्यावर तू ते पेरूच्या टोपल्यांचं गणित सोडवलंस म्हणे, सगळ्यांच्या आधी. मला नाही जमलं बघ. कसं केलंस?"

थोरलीनं आजीकडं पाहिलं. आजीनं छताकडं.

"आधी... टोपल्या मोजायच्या."

"बरं. मग?"

"मग त्यांना... गुणायचं."

"कशानं?"

"सगळ्यानंच," थोरली रडवेली झाली.

"आधी भागायचं गं, गाढवे!" गोठ्यातून आवाज आला.

एक शेळी उगाच बें बें करून ओरडली.

"भूक लागलीये तिला," आजी म्हणाली.

"हो का?" चौकशीबाई शांतपणे म्हणाली. "भागाकार पक्का आहे हो शेळीचा. कितवीत आहे?"

खाटेवरून बाप असा फसकन हसला, की त्याला ठसका लागला. धाकटी केसांत गवत घेऊन बाहेर आली. आजीनं मात्र पदर खोचला आणि दोघींना पाठीशी घातलं.

"न्यायच्या असतील तर आधी मला उचला. बघू कोणाच्या अंगात बळ आहे!"

"आजी, मी कोणाला नेत नाही. माझ्या दोन खोल्यांत माझाच नवरा मावत नाही." बाई खाली बसली. "रोज शाळा सुटेपर्यंत तुमच्या मुलाजवळ बसायला खात्याची बाई येईल. परिचारिका येऊन पाठ बघेल, चाकाची खुर्चीही मिळेल. दोघी शाळेत आल्या पाहिजेत, एवढंच."

"आम्हाला कोणाची दया नको."

"दया नाही. पोरींचा हक्क आहे तो. तुमच्यामुळं निम्मानिम्मा झालाय."

आजीला हे झोंबलं. तिनं हातांची माती झटकली. मग घासाघीस सुरू झाली.

"ती बाई माझ्या चुलीला हात लावणार नाही."

"नाही लावणार."

"आणि शेळ्या?"

"शेळ्यांसाठी खात्यात काही सोय नाही हो."

"मग अर्धवटच आहे तुमचं खातं," आजी म्हणाली. म्हणजे कबूल. शेळ्या पुढं शेजाऱ्याच्या कळपात जायला लागल्या.

दोघी पहिल्यांदा एकत्र वर्गात शिरल्या तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खुर्चीत बसून मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं!"

आठवडा सरला. एका संध्याकाळी दोघी तोंडं पाडून घरी आल्या. बाप खुर्चीत बसून अंगणात वारा खात होता.

"काय झालं?" आजीनं घाबरून विचारलं. "कोणी काही बोललं?"

"नाही," थोरली म्हणाली.

"मारलं?"

"नाही गं. आजी, हे आता रोजच का?"

"रोजच."

"उद्यापण?" धाकटी कळवळली. "आधी कसं एकाआड एक सुट्टी होती! आमचं मस्त चाललं होतं. ती चौकशीबाई मध्येच आली!"

आजीनं कोपऱ्यातली काठी उचलली तशा दोघी वाफे तुडवत पळाल्या. चार पावलांत आजीला धाप लागली. ती बांधावर टेकली आणि तिथूनच ओरडली, "रुसा! दोघी मिळून खुशाल रुसा! पण सकाळी जाताना दोघींची वेणी मला दिसली पाहिजे!"